फोटोतली आई कुठं बघते

आमच्या घरात मेलेल्या माणसांचे डोळे आई उघडायची. असं सांगितलं की लोक दचकतात. माझी सून तर हातातली कपबशी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली होती. पण त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. आमचा तो धंदा होता आणि आमच्या ताटातली भाकरी त्यातूनच यायची.

गुलमंडीच्या अलीकडे एका बोळात अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, फोटोचं दुकान होतं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. अण्णा अजिंठ्याकडच्या शेतकरी घरातले. शिकायला म्हणून औरंगाबादला आले आणि शाळा सोडून एका फोटोवाल्या उस्तादांच्या दुकानात रमले. पोलीस अ‍ॅक्शननंतर काही वर्षांनी उस्ताद हैदराबादला आपल्या लेकाकडे निघून गेले आणि जाताना दुकान अण्णांच्या हवाली करून गेले. का गेले, ते अण्णा कधी मोकळेपणानं सांगत नसत. दारावरची उर्दू पाटी मात्र त्यांनी उतरवली नाही. तिच्याखाली मराठी पाटी लावली. आमच्या बहुतेक गिऱ्हाइकांना दोन्ही वाचता येत नसत. ते काचेतले फोटो बघून आत यायचे.

लग्नामुंजीचे फोटो काढणारे मोठ्या रस्त्यावर होते. आमच्या वाट्याला यायचे ते मयतवाले. त्या वेळी खेड्यापाड्यातली माणसं जिवंतपणी फोटोच्या वाटेला जात नसत. फोटो काढला की आयुष्य घटतं असं पुष्कळांना खरोखर वाटायचं. मग माणूस गेला की घरच्यांची धांदल उडायची, कारण भिंतीवर लावायला, हार घालायला काहीच नसायचं. कुणीतरी सायकल हाणत यायचं आणि दारातूनच ओरडायचं, "चला लौकर, मंडळी खोळंबलीत." अण्णा कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचे. मयताला अंगणात उजेडाला आणायचं, भिंतीला टेकवून बसवायचं, मान पडू नये म्हणून कुणीतरी मागून डोकं धरायचं. पटका सरळ करायचा. फोटो झाला की मग पुढचं सगळं.

आता हार घालायच्या फोटोत जिवंत माणसाचं नखसुद्धा दिसता कामा नये, हा सगळ्यांचा नियम. ज्याचं दिसेल त्याला गेलेला माणूस सोबत घेऊन जातो म्हणत. त्यामुळं प्रिंट वाळली की अण्णा दोन काटकोनी पुठ्ठे घेऊन बसायचे. एक वरून, एक खालून असे सरकवत सरकवत चौकट लहान करत न्यायचे आणि मग बाहेर राहिलेलं सगळं कापून टाकायचे. उस्तादांसारखंच तेही याला 'काट' म्हणत. डोकं धरणारा भाऊ, दारातल्या बाया, रडणारी पोरं, सगळं काटेत जायचं. कानामागं उरलेलं एखादं बोट मात्र पुठ्ठ्याला सापडत नसे. तिथं आई बारीक ब्रशनं काळा रंग भरायची आणि बोटाची सावली होऊन जायची. मग ती पात्यानं मिटलेल्या पापण्या हलक्या हातानं खरवडून पांढरं काढायची, त्यात बुबुळ भरायची, बुबुळात उजेडाचा ठिपका ठेवायची. या सगळ्याला आम्ही 'टचिंग' म्हणायचो. डोळे उघडण्याआधी आई घरच्यांना विचारून घ्यायची.

"डोळे कसे व्हते?"

"काळेच व्हते की."

"तसं नाय. बारीक व्हते का मोठे? बघताना कसं बघायचे?"

यावर मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघायची. एकदा एका म्हातारीनं नवऱ्याबद्दल सांगितलं, "मी कधी मान वर करून बघितलंच नाय बाई." संध्याकाळी भाकरी थापताना आई म्हणाली, "एवढी वर्सं नांदली, आन् डोळे ठाऊक नाय." मी समोर बसून पीठ मळत होते. मला हसू आलं होतं.

आईनं मला हे काम शिकवलं, पण स्वतः ती कधी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. लग्नातही तिचा फोटो निघालेला नव्हता. अण्णांनी हौसेनं म्हटलं की ती पदर ओढून आत जायची. "आपल्या घरात कुनाचे फोटू निघतेत ते दिसतंय की मला," म्हणायची. आणि अण्णांना तिनं बजावून ठेवलं होतं, "मेल्यावर बी काढायचा नाय. माझे डोळे दुसऱ्या कुनी उघडायचे नाय. कसे उघडतेत ते मला ठाऊक हाय." अण्णा हो हो म्हणायचे. जिवंत माणसाच्या असल्या बोलण्याला कुणीही हो हो म्हणतं.

अण्णांचा जीव खरा सकाळच्या फोटोंत होता. त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. उन्हं तिरपी असेतोवर ते पैठण गेट, शहागंज, नाहीतर पार क्रांती चौकापर्यंत भटकायचे. त्या चौकाला ते जुन्या नावानं काळा चबुतराच म्हणत. ते माणसांचे फोटो काढत नसत, सावल्यांचे काढत. मी एकदा विचारलं की माणूस समोर उभा असताना त्याची सावली काय काढता, तर म्हणाले, "तोंडं काय, रोजच बघतो मी." ती तोंडं कसली असायची ते मला ठाऊक होतं. म्हणून पुन्हा विचारलं नाही.

प्रिंट करताना ते असा कागद घ्यायचे की उन्हाचा भाग चुन्यासारखा पांढरा यावा आणि सावली डांबरासारखी काळी. सावलीत काहीही दिसलं की त्यांना खपत नसे. मग पुठ्ठे यायचे. टांगा काटेत जायचा आणि रस्त्यावर पसरलेली चाकाची सावली तेवढी राहायची. हमाल जायचा, पोत्याची सावली आणि तिच्याखाली दोन पाय राहायचे. मला ते फोटो आवडायचे हे आधी सांगते, नाहीतर म्हातारपणी बापावर तोंडसुख घेते म्हणाल. अजूनही भर उन्हात रस्त्यानं जाताना मी माणसाआधी त्याची सावली बघते. पण त्या फोटोंत एक कोरडेपणा होता, आणि तो मला तेव्हाही जाणवायचा.

त्या सावल्यांत आई पुष्कळदा आहे. भाजीला निघाली की अण्णा म्हणायचे, "जरा त्या भिंतीच्या कडंनं चाल." ती विचारायची, "तोंड येतंय का?" "नाय येत." मग ती पदर सारखा करून चालायची. भिंतीवर तिची लांब सावली, हातात पिशवीची सावली. आई पुठ्ठ्याच्या बाहेर.

असंच एका सकाळी आम्ही पैठण गेटापाशी होतो. धाकटी बहीण तेव्हा नीट पळायला लागली होती. तिच्यात आणि माझ्यात बऱ्याच वर्षांचं अंतर आहे. मधली भावंडं जगली नाहीत. अण्णा रस्त्याच्या कडेला गुडघा टेकून येणाऱ्या टांग्याच्या सावलीवर नेम धरून बसले होते. मी त्यांची पिशवी घेऊन मागं उभी होते. आई कमानीच्या सावलीतून बाहेर येत होती आणि धाकटीचं बोट तिच्या हातातून सुटलं. धाकटी हात पसरून घोड्याकडेच निघाली. तिला घोडा फार आवडायचा. आई ओरडली. तिच्या त्या हाकेचा आवाज मला अजून ऐकू येतो, पण ती काय ओरडली ते आठवत नाही. टांगेवाल्यानं लगाम ओढला, घोडा जागच्या जागी तटला, आईनं पोर उचलली. काही झालं नाही. मधे कॅमेऱ्याचा खटका वाजला तेवढा.

आईनं तो ऐकला होता. घरी आल्यावर तिनं भाजीची पिशवी जमिनीवर आपटली. "पोरगी चाकाखाली चालली व्हती आन् तुमी बटन दाबलं?"

अण्णा म्हणाले, "बोट आधीच दाबत आलं व्हतं."

"बोट दाबत आलं व्हतं म्हनं!"

पुढं बरेच दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. ताट सरकवायची आणि उठून जायची. अण्णांनी फोटो केलाच. चाकाच्या आऱ्यांची सावली, घोड्याच्या चार पायांची सावली, बाकी पांढरा रस्ता. मायलेकी दोघी काटेत गेल्या. काचेत लावला तेव्हा आई दुकानात यायची ती त्या बाजूला न बघता.

वर्ष सरायच्या आत आईला कावीळ झाली. आत्यानं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीनं, गावाकडून झाडपाला आणून पाजला. सरकारी दवाखान्यात बाटल्या चढवल्या. आई पिवळी पडत गेली, मग तिला आम्ही नीट ओळखू येईनासे झालो, मग ती गेली. एवढ्याशा दिवसांत एवढं मोठं माणूस कसं संपतं हे मला आजही कळलेलं नाही.

तिला अंगणात आणली. माणसं जमली. आत्या अण्णांना म्हणाली, "आरं, फोटू काढ की. साऱ्या मुलखाचे काढतोस." अण्णा आत जाऊन कॅमेरा घेऊन आले. कुणी मला सांगितलं नव्हतं, पण मी उठले, आईच्या मागं बसले आणि तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं. हे कुणीतरी करायचं असतं हे मला पाठ होतं. केस न्हाऊन ओले होते. मान इतकी जड लागेल असं वाटलं नव्हतं. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला. बराच वेळ लावून ठेवला. माझे हात भरून आले. मग त्यांनी कॅमेरा खाली केला, चामड्याच्या पिशवीत घातला आणि म्हणाले, "नाय."

आत्या चिडली, मामा समजावायला लागला. अण्णांनी पिशवी आत नेऊन ठेवली. त्यांनी आईचा शब्द पाळला, हे आज मला समजतं. तेव्हा मला त्यांचा असा संताप आला होता की तो कॅमेरा घेऊन दगडावर आपटावा. गावातल्या प्रत्येकाला तोंड दिलंत आणि आमच्याच आईला तेवढं नाही?

आईचं काम माझ्याकडे आलं. खिडकीतली तिची जागा, तिचे ब्रश, तिचं पातं. मागच्या खोलीत दोरीला चिमट्यांनी प्रिंटा लटकलेल्या असायच्या आणि धाकटी त्यांच्याखाली खेळायची. एक दिवस तिनं कुठल्याशा पैठणकडच्या बाईच्या प्रिंटकडं बोट दाखवलं. "अक्का, ही आई हाय का?"

"नाय गं. ती दुसरी बाई हाय."

चार दिवसांनी दुसरी प्रिंट. "मग ही?"

ती आईला विसरत चालली होती. मी आईच्या गोष्टी सांगायचे, तिच्यासारखी हाक मारून दाखवायचे, धाकटी ऐकून घ्यायची आणि पुन्हा दोरीकडे बघायची. पुढं एकदा ती शेजारच्या पोरीला ओट्यावर बसून काहीतरी दाखवत होती. काटेत गेलेली एक पट्टी होती ती. कुणाच्या तरी मयताच्या दारात तोंडाला पदर लावून उभी राहिलेली एक बाई. धाकटी सांगत होती, "ही माझी आई हाय." मी पट्टी तिच्या हातातून ओढली, तिला एक चापट मारली आणि तिच्याआधी मीच रडायला लागले.

त्या दिवशी मला जे कळलं ते एवढंच होतं की या पोरीला आईचं तोंड मिळालं नाही तर ती कुठलंही तोंड उचलेल. मला बाकी काही नको होतं. मी दुकानात जाऊन अण्णांना म्हटलं, "पैठण गेटची निगेटिव्ह काढा."

"त्यात काय हाय?"

"आई हाय."

त्यांनी मान खाली घातली. त्यांना ते आधीपासून ठाऊक होतं. त्यांनी फळीवरचा बिस्किटांचा डबा काढला आणि फारशी शोधाशोध न करता ती फिल्म माझ्या हातात ठेवली.

निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. ऊन काळं, आणि सावली म्हणजे नुसती रिकामी फिल्म. उजेडाला धरली की आरपार दिसतं. आम्ही दार लावून लाल दिवा लावला. पूर्ण चौकटीची प्रिंट औषधाच्या पाण्यात टाकली. आधी घोडा आला, मग रस्ता, मग धाकटी. एक पाय उचललेला, दोन्ही हात पसरलेले, तोंडभर हसू. आणि एकदम कडेला आई आली. कमानीची सावली तिच्या तोंडावरून उभी उतरली होती. एक बाजू उन्हात, एक बाजू नाहीच. तोंड हाक मारताना उघडलेलं. आणि तो एक डोळा धाकटीवर असा खिळलेला, की त्या क्षणी तिला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. कुठल्याही मेलेल्या माणसाला असा डोळा आम्ही कधी देऊ शकलो नव्हतो. मी रडले नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

अण्णांनी दुसरी बाजू आणायचा फार प्रयत्न केला. कागद बदलला, उजेड कमी दिला, जास्त दिला. एकामागून एक कागद पाण्यात टाकत गेले. प्रत्येकात तिथं काळंच यायचं, नाहीतर राखाडी सारवण. शेवटी ते तिथंच स्टुलावर बसले. "उजेड पडलाच नव्हता तिथं," म्हणाले. "कुठून आनू?"

ते म्हणाले की आहे तसाच लावू. अर्धं तोंड, घोडा, धाकटी, सगळं. मलाही तेच हवं होतं. पण वर्षश्राद्ध आलं होतं आणि आत्या आली. तिनं प्रिंट हातात घेतली आणि तिचे डोळे विस्फारले.

"जित्या पोरीला हाराच्या फोटूत घालता व्हय?"

अण्णा काय बोलणार? आयुष्यभर त्यांनी लोकांची जिवंत माणसं याच कारणासाठी कापली होती. आणि मी काय बोलणार? धाकटीला त्याच आठवड्यात ताप येऊन गेला होता. रात्रीतून उठून मी तिच्या नाकाशी हात धरून बघायचे. आत्या वाईट बाई नव्हती. तिलाही भीतीच वाटत होती. भावजय गेली होती, आता भाची नको जायला.

अण्णांनी पुठ्ठे घेतले. आधी घोडा गेला. मग रस्ता गेला. मग धाकटीचे पसरलेले हात, मग धाकटी. पुठ्ठा आईच्या खांद्यापाशी येऊन थांबला. अण्णांचा हात एरवी काट घेताना कधी थांबत नसे.

मग माझी पाळी आली. आत्या माझ्या खिडकीशीच बसली. "तोंड मिटव. श्राद्धाला येनारी मान्सं काय म्हंतील, बाई वरडायली!" मी ओठ मिटवले. "अर्धं तोंड काळं, लई भेसूर दिसतंय." मी काळ्यात गाल उतरवला, कान उतरवला. "कुंकू ठसठशीत काढ, सवाष्ण गेली माझी माय." मी कुंकू काढलं. राहिला दुसरा डोळा. मी ब्रश हातात धरला आणि माझ्या लक्षात आलं की मला आठवत नाही. बारीक होता की मोठा, या डोळ्यासारखाच होता की किंचित वेगळा. इतकी वर्षं तिच्यासमोर बसून पीठ मळलं होतं, रंग घोटला होता. मी उन्हातल्या डोळ्याची नक्कल केली आणि तो त्याच बाजूला बघत ठेवला.

प्रिंट मोठी करून, चौकटीत बसवून भिंतीवर लावली. येणारे जाणारे म्हणायचे, "अगदी जित्ती वाटते हो." पूर्ण चौकटीच्या प्रिंटा आत्यानं स्वतःच्या हातानं फाडल्या आणि खाम नदीत सोडायला लावल्या. धाकटीला यातलं काही सांगायचं नाही असंही तिनं बजावलं. हाराच्या फोटोत आपण होतो हे पोरीच्या मनात भरू नये म्हणून. पुढं आत्या गेली, ती भीतीही गेली, पण सांगायचं राहून गेलं. फोटो भिंतीवर होता, धाकटीला आईचं तोंड मिळालं होतं, दोरीवरच्या बायकांकडं ती बोट दाखवत नव्हती. काम झालं असं मी धरून चालले.

अण्णा त्यानंतरही सकाळी सावल्यांमागं जातच राहिले. मग रंगीत फोटो आले, मग लोक जिवंतपणीच हवे तेवढे फोटो काढून घेऊ लागले आणि आमचं दुकान बसलं. माझं लग्न झालं, मग धाकटीचं. तिचा नवरा चितेगावला कंपनीत लागला, ती तिकडे राहायला गेली. अण्णा पुष्कळ जगले. शेवटी शेवटी त्यांना दिसत नव्हतं.

ते गेल्यावर आम्ही दोघी खोल्या आवरायला जमलो. भांडी वाटली, अंथरुणं कामवाल्या बाईला दिली. बिस्किटांचा डबा मी हळूच उघडला, तर कित्येक पावसाळ्यांच्या ओलीनं सगळ्या फिल्मा एकमेकींना चिकटून त्यांचा एक गोळा झाला होता. एक सुटी करायला गेले तर वरचा पापुद्राच निघून हातात आला. मी झाकण लावून टाकलं.

मग भिंतीवरचा फोटो उतरवला, पदरानं पुसला आणि धाकटीला म्हटलं, "हा तू घेऊन जा."

"मला नको, अक्का."

"कामून?"

ती काच बोटानं पुसत बसली होती. म्हणाली, "ल्हान असताना मी स्टुलावर चढून बघायचे हिच्याकडं. इकडून बघायचे, तिकडून बघायचे. बाकीच्यांच्या आया फोटूतून आपल्याकडं बघतेत. ही बघायचीच नाय. कुनाकडंच बघत नाय ही. मला वाटायचं, माझं काय चुकलं असंल?"

मी तिथंच जमिनीवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. पैठण गेट, टांगा, तिचे पसरलेले हात, आईची हाक, भाजीची आपटलेली पिशवी, आत्या, पुठ्ठे. म्हटलं, "ती तुझ्याकडंच बघतीय गं. तू तिथं हाईस. आमी तुला कापलं."

धाकटीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग डोळे पुसले आणि हसली. माझ्या हातावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाली, "अक्का, जल्मभर टचिंग केलंस तू. आता ह्ये बी तसंच करायलीस ना? ऱ्हाऊ दे. मी काय आता ल्हान नाय."

"देवाशप्पथ खरं हाय."

"बरं, मग दाखव."

मी डब्याकडे बघितलं. तिनं ते समजुतीनं घेतलं, आणि मला त्या समजुतीचाच सगळ्यात जास्त त्रास झाला. फोटो मी माझ्या घरी आणला. सुनेनं तो बैठकीत लावला आहे. मी त्याच्यासमोर बसते तेव्हा कधी कधी माझाही धीर सुटतो, की धाकटी खरंच त्या चौकटीत होती, की तिला आई मिळावी म्हणून मीच ती नंतर रंगवली. पण ती होती. आई तिच्याकडे बघत होती. हे आता जगात फक्त मला माहीत आहे, आणि जिच्यासाठी ते आहे तिला ते खरं वाटत नाही.